अँटोनियो इनोकी : ठरलेल्या कुस्तीतला न ठरलेला पैलवान

अँटोनियो इनोकी हे नाव जपानमध्ये दोन पिढ्यांनी घरातल्या माणसासारखे उच्चारले. त्यांचे मूळ नाव कांजी इनोकी. जन्म 20 फेब्रुवारी 1943 रोजी योकोहामाला झाला. वडील लहानपणीच गेले, युद्धानंतर घराची घडी विस्कटली आणि 1957 साली आई व आजोबांसह हे मोठे कुटुंब बोटीने ब्राझीलला निघाले. आजोबा वाटेत बोटीवरच वारले. साओ पावलो प्रांतातल्या कॉफीच्या मळ्यांत कांजीने कोवळ्या वयात अंगमेहनत केली. शाळेत तो गोळाफेक आणि थाळीफेक खेळत असे. त्यातल्या यशामुळे तिथल्या जपानी वस्तीत त्याचे नाव झाले आणि 1960 मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावर आलेल्या रिकिदोझानची नजर त्याच्यावर पडली.

रिकिदोझान हा जपानी व्यावसायिक कुस्तीचा संस्थापक मानला जातो. आधी सुमो खेळणाऱ्या या पैलवानाने 1954 पासून हाताच्या धारदार फटक्यांनी अमेरिकी मल्लांना लोळवले. युद्धात हरलेला देश दुकानांबाहेर आणि चौकांत मांडलेल्या दूरचित्रवाणी संचांसमोर गर्दी करून ते पाहत असे. तो मूळचा कोरियाचा होता, पण ही गोष्ट त्याच्या हयातीत लोकांपासून लपवून ठेवली गेली. सतरा वर्षांच्या कांजीला त्याने जपानला परत आणले आणि चेला करून घेतले. 30 सप्टेंबर 1960 रोजी टोकियोत इनोकींची पहिली कुस्ती झाली. त्यात किंतारो ओकी या कोरियन मल्लाने त्यांना हरवले. त्याच दिवशी शोहेई बाबा हाही रिंगणात उतरला. बेसबॉल सोडून आलेला हा दोन मीटरहून उंच तरुण पुढे ‘जायंट बाबा’ म्हणून गाजला. या दोघांची मैत्री, स्पर्धा आणि दुरावा पुढच्या तीस वर्षांच्या जपानी कुस्तीला पुरून उरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्यावसायिक कुस्तीचा निकाल बहुतेक वेळा आधी ठरलेला असतो. पडणे, उठणे, पकडी हे सारे शिकून केलेले असते. मार खरा लागतो, पण विजेता आयोजक ठरवतो. आपल्याकडच्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे पटणे कठीण. इनोकींनाही या धंद्याला चिकटलेला कमीपणा बोचत असे. व्यावसायिक कुस्ती हा सर्वांत बलवान खेळ आहे, हे जगाला पटवून देण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यांच्या कारकिर्दीतले मोठे विजय आणि मोठ्या चुका, दोन्ही या ध्यासातून आले.

डिसेंबर 1963 मध्ये एका गुंडाने टोकियोच्या नाइटक्लबात रिकिदोझानला भोसकले आणि आठवड्याभरात तो वारला. गुरू गेला तेव्हा इनोकी वीस वर्षांचे होते. पुढे ते अमेरिकेत लढले आणि 1966 मध्ये परतले. त्यांनी काढलेली पहिली संस्था फार टिकली नाही, म्हणून ते रिकिदोझानच्या जुन्या संस्थेत आले. तिथे बाबांबरोबर त्यांची जोडी खूप गाजली. मात्र संस्थेच्या कारभाऱ्यांना हटवण्याच्या हालचालीत त्यांचे नाव पुढे आले आणि 1971 च्या अखेरीस त्यांची हकालपट्टी झाली. जानेवारी 1972 मध्ये त्यांनी ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ स्थापन केली. 6 मार्च रोजी पहिल्या कार्यक्रमात ते कार्ल गॉच या कसलेल्या मल्लाशी लढले आणि हरले. स्वतःच्या संस्थेच्या पहिल्याच रात्री मालकाने हार पत्करावी, यातच नव्या संस्थेचा सूर दिसतो. गॉचने तिथल्या पोरांना खऱ्या पकडी, सांधे पिरगळण्याचे डाव आणि हजारो बैठकांची मेहनत शिकवली. बाबांनी त्याच वर्षी ‘ऑल जपान’ काढली आणि अमेरिकेतले नामवंत मल्ल आणण्यावर भर दिला.

नामवंत परदेशी मल्ल इनोकींना सहज मिळेनात. मग त्यांनी एक शत्रू घडवला : पंजाबात जन्मलेला आणि कॅनडात स्थायिक झालेला टायगर जीत सिंग. फेटा बांधून, हातात तलवार घेऊन तो प्रेक्षकांत घुसे. नोव्हेंबर 1973 मध्ये टोकियोच्या शिंजुकु भागात भर रस्त्यात त्याने इनोकींवर हल्ला केल्याची बातमी देशभर पसरली. या वैराने तिकिटे खपली आणि संस्था सावरली. डिसेंबर 1973 मध्ये इनोकींनी जॉनी पॉवर्सला हरवून एनडब्ल्यूएफचा जागतिक किताब घेतला आणि पुढची अनेक वर्षे तो बहुतांश काळ त्यांच्याकडे राहिला. डिसेंबर 1975 मध्ये इंग्लंडच्या बिली रॉबिन्सनशी त्यांची तासभराची कुस्ती बरोबरीत सुटली. पकडींच्या कसबाच्या दृष्टीने ती त्यांची सर्वोत्तम लढत म्हणावी लागेल.

1976 हे वर्ष मात्र वेगळे होते. फेब्रुवारीत त्यांनी म्युनिक ऑलिम्पिकच्या ज्युदोत दोन सुवर्णपदके मिळवलेल्या नेदरलँड्सच्या विलेम रुस्काला हरवले. त्यानंतर थेट मुष्टियोद्धा मुहम्मद अलीला आव्हान दिले. 26 जून 1976 रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात ही लढत झाली. अलीच्या बाजूने आधी ती नाटकी कुस्ती समजली होती. लढत खरी होणार हे कळताच नियमांवर घासाघीस झाली आणि इनोकींच्या बहुतेक डावांवर बंधने आली. उभ्याने लाथ मारायची मुभा राहिली नाही. मग इनोकी पंधरा फेऱ्यांपैकी बराच वेळ पाठीवर पडून अलीच्या मांड्यांवर आणि पिंढऱ्यांवर लाथा मारत राहिले. अलीला ठोसा लावायला जागाच मिळेना. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षकांनी रिंगणात कचरा फेकला, वृत्तपत्रांनी खिल्ली उडवली आणि संस्थेवर मोठे कर्ज चढले. अलीच्या पायांत रक्ताच्या गाठी झाल्या आणि त्याला रुग्णालयात राहावे लागले. त्या दिवशी ज्याला लबाडी म्हटले गेले, तो डाव मिश्र युद्धकलेच्या युगात पुढे अभ्यासाचा विषय झाला. आखलेल्या नियमांत इनोकींसमोर दुसरा शहाणा मार्ग नव्हता, हे आज लढत पाहताना स्पष्ट दिसते. पुढे दोघे मित्र झाले आणि अलीच्या गौरवाची धून इनोकींच्या प्रवेशाची धून बनली.

त्याच वर्षी डिसेंबरात कराचीत त्यांची गाठ अक्रम पैलवानशी पडली. अक्रम हा इमाम बख्शचा मुलगा, म्हणजे थोर पैलवान गामाचा पुतण्या. ज्या घराण्याचे नाव आपल्याकडच्या आखाड्यांतही आदराने घेतले जाते, त्याची प्रतिष्ठा इथे पणाला होती. लढत ठरलेली नव्हती. इनोकींनी अक्रमचा हात असा पिरगळला की तिसऱ्या फेरीत कुस्ती थांबवावी लागली. पाकिस्तानात हा आघात खोलवर गेला. 1979 मध्ये लाहोरला त्याच घराण्यातल्या कोवळ्या झारा पैलवानशी त्यांची कुस्ती झाली. ती बरोबरीत सुटली आणि इनोकींनी स्वतः झाराचा हात उंचावला. त्या एका कृतीने त्या देशात त्यांना कायमचे प्रेम मिळाले.

नोव्हेंबर 1979 मध्ये तोकुशिमा इथे बॉब बॅकलंडला हरवून त्यांनी अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा किताबही जिंकला, पण अमेरिकी संस्थेने त्याची नोंद कधीच मान्य केली नाही. जून 1983 मध्ये आयडब्ल्यूजीपी स्पर्धेच्या अंतिम लढतीत हल्क होगनने त्यांना रिंगणाबाहेर निपचित पाडले. त्याच काळात आर्थिक गैरकारभार, ब्राझीलमधल्या धंद्यातले नुकसान आणि सहकाऱ्यांची फूट यांनी संस्था पोखरली. मैदानातले धाडस त्यांनी हिशेबातही केले आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. तरीही त्यांच्या तालमीतून फुजिनामी, चोशू, सायामा, माएदा, मुतो असे मल्ल घडले. ऑक्टोबर 1987 मध्ये मासा साइतोबरोबर त्यांनी गानर्यू बेटावर एकाही प्रेक्षकाविना दोन तासांहून अधिक काळ कुस्ती केली. मुसाशी आणि कोजिरो या तलवारबाजांचे 1612 मधले द्वंद्व याच बेटावर झाले होते.

1989 मध्ये त्यांनी ‘क्रीडा-शांतता पक्ष’ काढला आणि ते जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले. 1990 मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनने परदेशी नागरिकांना ओलीस धरले तेव्हा ते सरकारच्या पाठबळाशिवाय बगदादला गेले. डिसेंबरात तिथे क्रीडा महोत्सव भरवला आणि त्यानंतर जपानी ओलिसांची सुटका झाली. सुटकेमागे इतर कारणेही होती, पण ओलिसांच्या कुटुंबीयांना सोबत घेऊन जाण्याचे धाडस त्यांनीच केले. एप्रिल 1995 मध्ये त्यांनी उत्तर कोरियातल्या प्याँगयाँगच्या अवाढव्य स्टेडियमवर दोन दिवस कुस्त्या भरवल्या आणि रिक फ्लेअरला हरवले. गुरूच्या जन्मभूमीत शिष्य लढला. त्याच वर्षी मात्र त्यांची खासदारकी गेली. 2013 मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि उत्तर कोरियाला जाण्यावरून झालेली टीका त्यांनी शेवटपर्यंत सोसली.

4 एप्रिल 1998 रोजी टोकियो डोममध्ये डॉन फ्रायला हरवून त्यांनी कुस्तीचा निरोप घेतला. अली त्या वेळी उपस्थित होता. 2005 मध्ये त्यांनी न्यू जपानमधला आपला हिस्सा विकला. 1 ऑक्टोबर 2022 रोजी अमायलॉइडोसिस या दुर्मिळ आजाराने वयाच्या 79 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही जपानमधली सर्वांत मोठी व्यावसायिक कुस्ती संस्था आहे.