पाणी थंड, चिप तापलेली

वैशाखातल्या वाशीममध्ये कोणतीही वस्तू तापली की तिचा दोष उन्हाच्या माथी मारून मोकळे होण्याची आपली रीत आहे, आणि पुतण्याने खेळांसाठी मोठ्या हौसेने जुळविलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या संगणकाबाबतही घरातल्या सर्वांनी प्रथम हेच केले. "काकाजी, गेम लय अटकून राह्यला," एवढीच त्याची फिर्याद होती. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलावयाचे म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्याच्या आलेखात मात्र मधूनमधून ४०-५० मिलिसेकंदांचे सुळके उठत होते, आणि प्रत्येक सुळक्याच्या वेळी ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांना टेकून स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच उतरवीत होते.

खोलीत ३८ अंश होते. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू यांचा नमद्यासारखा थर बसला होता. तो ब्रशाने व हवेच्या झोताने काढला. टाकीतल्या पाण्याचे तापमान ४७ वरून ४५ वर आले, पण कार्डावरची चिप ८३ वरून जागची हलली नाही. उन्हावरचा आरोप माझ्या मते येथेच निकालात निघाला.

कारण अशा यंत्रात निव्वळ आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील अंतर अधिक बोलते. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर ३०० वॅटची उष्णता उचलताना ते अवघे सव्वाचार अंशांनी तापते. म्हणजे साऱ्या फेऱ्यात पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे असते आणि टाकीतल्या एका तापमापकाची साक्ष पुरेशी ठरते. पाणीच फार तापले असेल तर रेडिएटर, पंखे अथवा खोलीची हवा यांची झडती घ्यावी. पण पाणी निवांत आणि चिप मात्र होरपळलेली असेल, तर उष्णता चिपपासून पाण्यापर्यंत पोचण्याच्या वाटेतच कोठेतरी अडकली आहे असे समजावे. निकोप जोडणीत चिप आणि पाणी यांच्या तापमानातले हे अंतर साधारण १० ते २० अंशांचे असते. आमच्याकडे ते ३८ होते.

पंपाला कान लावला. त्याची घरघर एकसारखी होती, बुडबुड्यांचा खळखळाट नव्हता. मग वीज तोडून, पाणी काढून, कार्डावरचा तांब्याचा ब्लॉक उघडला. त्याच्या पोटात कागदाइतक्या पातळ पात्यांची दाट रांग असते आणि दोन पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. त्या फटींत पिवळसर पांढरी, बोटाला बुळबुळीत लागणारी साय दाटून बसली होती आणि पाणी रांगेच्या कडेच्या चार-सहा फटींतूनच कसेबसे वाट काढीत होते. पुतण्याच्या वडिलांच्या शेतात ठिबकच्या नळ्या चोंदतात, त्यामुळे या दृश्याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.

ही साय आली कोठून, याचा तपास थोडा लांबला. पाणी बॅटरीचेच, म्हणजे क्षाररहित होते. ब्लॉक व रेडिएटर दोन्ही तांब्याचे असल्यामुळे अॅल्युमिनियमच्या संगतीने होणारे गंजणेही संभवत नव्हते. शेवटी पुतण्यानेच सांगितले, की हिवाळ्यात एक नळी फाटली तेव्हा त्याने हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप आणून बसविला होता. मऊ प्लॅस्टिकला मऊपणा देणारे द्रव्य कोमट पाण्यात महिनोन्‌महिने झिरपत राहते आणि पहिल्या अरुंद जागी जाऊन साचते. गवंड्याच्या पाणसळीत तासाभरासाठी निरुपद्रवी असलेली नळी येथे अहोरात्र ते द्रव्य पाण्यात सोडीत होती. पोराचा अपराध म्हणावा असे त्यात काही नाही. नळी नळीसारखीच दिसते.

मऊ दातब्रश आणि भांड्याचा साबण घेऊन एकेक फट उजळेपर्यंत घासली, बॅटरीच्या पाण्याने चार वेळा खंगाळली, रबरी कडे खाचेत नीट बसले याची खातरजमा केली, जुनी पेस्ट पुसून चिपवर नवी लावली आणि सर्व नळ्या या कामासाठीच बनविलेल्या रबरी जातीच्या घातल्या. फक्त पंपाला वीज देऊन, सांध्यांखाली कागदी रुमाल पसरून रात्र काढली. मधून पेटी तिरपी करून अडकलेली हवा वर आणली. सकाळी रुमाल कोरडे होते.

त्याच खोलीत, त्याच ३८ अंशांत खेळ सुरू झाला. अर्ध्या तासाने पुतण्या धास्तावून म्हणाला, "काकाजी, पाणी तर पहिल्याहून तापलं! ४९ दावते." मी त्याला चिपचा आकडा पाहावयास सांगितले. तो ६३ होता. अंतर १४ वर आले होते. इतके दिवस तापून वेग उतरविणारे कार्ड आता पूर्ण वेगाने चालून अधिक उष्णता निर्माण करीत होते आणि ती पाण्यात उतरत होती, म्हणून पाणी तापले होते. त्याने आलेख उघडला. रेषा १६.७ वर सरळ चालली होती, आणि तो तिच्याकडे खेळ विसरून बघत बसला.