डीडो, रॉड

डीडो, रॉड : (१७ फेब्रुवारी १९१४–५ जानेवारी २००६). ख्यातनाम अमेरिकन बेसबॉल-प्रशिक्षक. मूळ नाव राऊल. जन्म न्यू ऑर्लीअन्स येथे. शिक्षण हॉलिवुड येथील माध्यमिक शाळेत व लॉस अँजेल्सच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले. विद्यापीठाच्या संघातून तो शॉर्टस्टॉप म्हणून खेळत असे. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघातून तो दोनच सामने खेळला. पुढे पाठीच्या मणक्याला इजा झाल्याने त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द संपुष्टात आली. त्यानंतर अल्प भांडवलावर त्याने मालवाहतुकीचा व्यवसाय सुरू केला व तो भरभराटीस आणला.

दुसऱ्या महायुद्धकाळात विद्यापीठाचा प्रशिक्षक सॅम बॅरी नौदलात दाखल झाल्यामुळे १९४२ मध्ये संघाची जबाबदारी डीडोवर आली. बॅरी परतल्यावर दोघांनी संयुक्तपणे काम केले आणि १९४८ मध्ये येल विद्यापीठाचा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश हा त्या वेळी येलचा कर्णधार होता. १९५० मध्ये बॅरीच्या निधनानंतर डीडो एकटाच प्रमुख प्रशिक्षक राहिला. उपजीविका व्यवसायावर चालत असल्याने विद्यापीठाकडून तो बराच काळ वर्षाला केवळ एक डॉलर एवढे नाममात्र वेतन घेत असे.

महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे कार्य व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकाहून भिन्न असते. त्याला खेळाडू विकत घेता येत नाहीत, आणि तयार झालेला खेळाडू तीन-चार वर्षांत शिक्षण संपवून किंवा व्यावसायिक संघाच्या बोलावण्यावरून निघून जातो. त्यामुळे संघ सतत नव्याने घडवावा लागतो. या पार्श्वभूमीवर डीडोच्या संघाने १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षे राखलेले राष्ट्रीय अजिंक्यपद असामान्य ठरते. अन्य कोणत्याही विद्यापीठाला ते २०२५ पर्यंत सलग तीन वेळाही मिळविता आलेले नाही.

अंगभूत ताकदीपेक्षा अवधानावर डीडोचा भर होता. खेळाडूच्या हातून झेल सुटणे तो समजू शके. परंतु परिस्थितीचे भान सुटल्याने होणारी चूक त्याला क्षम्य वाटत नसे. तीच चूक दुसऱ्यांदा नव्हे, तर पहिल्यांदाही होता कामा नये, असा त्याचा आग्रह असे. या शिकवणीचे फळ १९७३ मध्ये ओमाहा येथील राष्ट्रीय स्पर्धेत दिसून आले. मिनेसोटा विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या, नवव्या डावाच्या उत्तरार्धास प्रारंभ झाला, तेव्हा डीडोचा संघ ०–७ असा पिछाडीवर होता. प्रतिपक्षाचा पिचर डेव्ह विनफील्ड याने तोवर त्याच्या फलंदाजांना निष्प्रभ केले होते. तथापि त्याच डावात आठ धावा करून संघाने ८–७ असा विजय मिळविला व पुढे अजिंक्यपदही पटकाविले.

टॉम सीव्हर, फ्रेड लिन, मार्क मग्वायर, रँडी जॉन्सन इ. नामवंत खेळाडू त्याच्या हाताखाली तयार झाले. सीव्हरला विद्यापीठाची शिष्यवृत्ती देण्यापूर्वी डीडोने त्याला १९६४ च्या उन्हाळ्यात अलास्कातील हौशी संघात खेळावयास पाठवून त्याची पारख केली होती. १९६४ (टोकिओ) व १९८४ (लॉस अँजेल्स) च्या ऑलिंपिकमध्ये बेसबॉलचे प्रात्यक्षिक सामने झाले. दोन्ही वेळी अमेरिकी संघ त्याच्या मार्गदर्शनाखाली खेळला. १९८४ च्या अंतिम सामन्यात मात्र जपानने त्याच्या संघावर ६–३ अशी मात केली.

डीडोने १९८६ मध्ये निवृत्ती पतकरली. ४५ हंगामांत त्याच्या संघांनी १,३३२ सामने जिंकले, ५७१ गमावले व ११ अनिर्णित राहिले. एकूण ११ राष्ट्रीय अजिंक्यपदांपैकी शेवटचे १९७८ मधील होय. त्यानंतरच्या आठ वर्षांत फुलर्टन, ॲरिझोना, मायॅमी, टेक्सस इ. ठिकाणच्या विद्यापीठांनी विजेतेपदे मिळविली व सदर्न कॅलिफोर्नियाचे वर्चस्व ओसरले. विजयांच्या संख्येचा त्याचा विक्रम १९९४ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या क्लिफ गस्टाफसनने मागे टाकला; अजिंक्यपदांचा विक्रम मात्र अबाधित राहिला. १९९८ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने पुन्हा अजिंक्यपद मिळविले, तेव्हा संघाचा प्रशिक्षक माइक गिलेस्पी होता. तो १९६१ च्या विजेत्या संघातील डीडोचाच शिष्य होय. ग्लेनडेल (कॅलिफोर्निया) येथे डीडोचे निधन झाले.