लायडनची वाट : परिषदेस निघालेल्या वैद्यांसाठी

परदेशी विद्यापीठाकडून परिषदेचे निमंत्रण येते तेव्हा त्यासोबत 'स्थळी कसे पोहोचावे' असे एक पान हमखास असते. विमानतळ, आगगाडी, बस आणि पायी चालण्याचा नकाशा एवढे त्यात दिलेले असते. युरोपातील पाहुण्यास तेवढे पुरते. सांगली-नांदेडहून निघणाऱ्या वैद्यास मात्र ते पान अपुरे पडते. कारण त्याच्या पिशवीत काय काय असते याची संयोजकांस कल्पना नसते. रस्ता तर कोणीही दाखवितो; पिशवीची चौकशी होते तेव्हा मात्र उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. यास्तव नेदरलँड्समधील लायडन हे एक गाव समोर ठेवून, घरापासून सभागृहापर्यंतची वाट आम्ही येथे सांगत आहोत.

लायडनच का, असे कोणी विचारील. तेथील विद्यापीठ १५७५ सालचे, नेदरलँड्समधील सर्वांत जुने. वनस्पतिशास्त्र, वैद्यक आणि आशियाई विद्या या तिन्ही शाखांचा तेथे जुना संसार असल्यामुळे वैद्याला बोलावणे येण्याचा संभव अधिक. शिवाय या गावाचे आपल्या कोकणाशी एक जुने नाते आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

प्रथम कागदपत्रे. नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून त्याचे प्रौढांसाठीचे शुल्क ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, परंतु ते ४५ पर्यंत लांबू शकतात. सबब निबंध स्वीकारल्याचे पत्र हाती पडताच अर्जाच्या मागे लागावे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. पारपत्र परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. निमंत्रणपत्रावरील नाव पारपत्राप्रमाणे अक्षरशः तेच हवे. आपल्याकडे पदवी लग्नापूर्वीच्या नावाने आणि पारपत्र सासरच्या नावाने असणाऱ्या वैद्यभगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी विवाहनोंदणीचा दाखला इंग्रजी प्रतीसह जवळ ठेवावा.

बँकेचे कार्डही निघण्यापूर्वी तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून मिळते. परदेशातील वापर आणि स्पर्श न करता पैसे देण्याची सोय आपणच बँकेकडून चालू करून घ्यावी लागते. रुपे कार्ड तेथील आगगाडीच्या यंत्रावर चालेल अशा भरवशावर राहू नये. व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ असावे.

आता पिशवी. येथे थोडे थांबून वाचावे, अशी विनंती आहे.

वैद्य प्रवासाला निघाला की चार डब्या सोबत घेतोच : काही स्वतःसाठी, काही तेथील स्नेह्यांसाठी, काही परिषदेत दाखविण्यासाठी. यांपैकी पहिल्या प्रकाराला वाव आहे. स्वतःच्या वापरापुरते औषध, मूळ वेष्टनात व इंग्रजी चिठ्ठीसह, न्यावे. दुसरा व तिसरा प्रकार अडचणीत आणतो. स्नेह्यांसाठी नेलेली दहा पाकिटे ही सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने औषधांची आयातच होय.

सर्वांत मोठा धोका कुष्ठाचा. कुष्ठ, म्हणजे बाजारातील कोष्ठ किंवा उपलेट (सॉसुरिया कॉस्टस), ही वनस्पती धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्या परिशिष्टातील वनस्पतीचे चूर्ण, तेल, गुटी असे काहीही परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही; बंद, छापील, विक्रीयोग्य पाकीट असले तरी सूट नाही. सारस्वत चूर्णात कुष्ठ आहे, नारायण तैलात आहे. आणखी कितीतरी तेलांत आहे. गुडघे दुखतात म्हणून विमानप्रवासात तेलाची बाटली नेणारे आपल्यात थोडे नाहीत. बाटलीवरील घटकद्रव्यांची यादी वाचावी आणि कुष्ठ दिसले तर ती घरीच ठेवावी. कस्तुरीविषयी तर सांगणेच नको. भारतातील कस्तुरीमृगही त्याच परिशिष्टात आहे.

जटामांसी, कुटकी आणि सर्पगंधा या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या बाबतीत किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या तयार औषधाला सूट आहे, सुट्या चूर्णाला किंवा मुळांना नाही. म्हणजे दवाखान्यात कुटून कागदाच्या पुडीत बांधलेली कुटकी नियमात बसत नाही, आणि तीच कुटकी फार्मसीच्या सीलबंद डबीत असली तर या करारापुरती बसते. आम्हांस हा भेद काहीसा विचित्र वाटतो, परंतु नियम असा आहे. औषधनिर्मात्यांनी लेबलावर वनस्पतीचे लॅटिन नाव स्पष्ट छापण्याचे महत्त्व येथे ध्यानात यावे.

त्यापुढचा प्रश्न रसकल्पांचा. डच संशोधकांनी आपल्या बाजारातील २९२ पारंपरिक आशियाई औषधी कल्पांची तपासणी करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८६ नमुन्यांत पारा, आर्सेनिक किंवा शिसे सापडले. त्या नमुन्यांत चिनी व तिबेटी औषधेही होती. शोधन-मारणाचा विचार त्या मोजणीत नव्हता, हेही खरे. परंतु तो वाद घालण्याची जागा परिषदेचे व्यासपीठ ही आहे, विमानतळावरील तपासणीचे टेबल नव्हे. आरोग्यवर्धिनीचे उदाहरण घ्या : पारा, गंधक, ताम्रभस्म आणि निम्म्याहून थोडी कमी-अधिक कुटकी. एकाच गोळीत दोन्ही प्रश्न. रसकल्प सोबत नेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शुद्ध वानस्पतिक औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासूनच सक्तीची केली आहे. त्या तपासणीच्या दाखल्याची प्रत बरोबर असणे केव्हाही चांगले.

तुपाचा नियम बहुतेकांस ठाऊक नसतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस व दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप हे दुग्धजन्य आहे. मग ते साजूक असो, ब्राह्मीघृत असो की फलघृत असो. वैद्यकीय कारणासाठी लागणाऱ्या विशेष आहाराला मर्यादित सवलत आहे, पण तिचा अर्थ घृतकल्प असा लावण्याचे धाडस करू नये. ज्या अवलेहात तूप आहे तोही घरीच बरा. मध मात्र माणशी दोन किलोपर्यंत चालतो. तद्वतच ताज्या वनस्पतींना १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर व डुरियन ही पाच फळे सोडली तर ताजी तुळस, ओली हळद, विड्याची पाने, पेरण्याचे बी, काहीही त्याविना जात नाही.

आखातातील विमानतळावर विमान बदलणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत साधी खसखसही निषिद्ध आहे, लाडवांतली खसखससुद्धा. जातिफलादी चूर्णासारखे विजयायुक्त कल्प अथवा अहिफेनयुक्त कल्प कोणत्याही मार्गाने नेऊ नयेत. नेदरलँड्समध्ये 'कॉफीशॉप'मधून गांजा मिळतो, तेव्हा आपली विजया का अडवतील, असा युक्तिवाद कोणी करील. तेथे अल्प प्रमाणातील विक्रीकडे काणाडोळा केला जातो, आयात मात्र गुन्हाच आहे.

मग फार्मसीमालकांनी दाखवायचे काय? रिकामी खोकी, छापील लेबले, लॅटिन नावांसह घटकसूची, विश्लेषणाचे दाखले आणि छायाचित्रे. खरोखर नमुने हवेच असतील तर ते अभिकर्त्यामार्फत, बीजकासह, आधी विचारून पाठवावेत. जे हातात आहे आणि ज्याविषयी शंका आहे, ते विमानतळावर लाल खुणेच्या मार्गाने जाऊन स्वतःहून दाखवावे. हिरव्या मार्गाने गेल्यावर सापडणे निराळे आणि आपण होऊन विचारणे निराळे.

येथून पुढची वाट सोपी आहे. ॲम्स्टरडॅमच्या विमानतळाचे नाव शिफोल. तेथील लोक 'स्खिपहोल'च्या जवळचा उच्चार करतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर प्रवाशांच्या आगमन-निर्गमनाची नोंद छायाचित्रासह संगणकात घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो. निबंधवाचन सकाळी असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे. पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यांची पारपत्र-तपासणी तेथेच होते, तेव्हा दोन विमानांत पुरेसे अंतर ठेवावे.

आगगाडीचे फलाट विमानतळाच्या थेट खाली आहेत. बाहेर पडून टॅक्सी शोधण्याचे कारण नाही. फलाटाला तेथे 'स्पोर' म्हणतात. लायडनची गाडी बहुधा 'डेन हाग'कडे जाणारी असते. डेन हाग म्हणजे आपण ज्याला हेग म्हणतो तेच शहर. ॲम्स्टरडॅमकडची गाडी अगदी उलट दिशेने जाते. रॉटरडॅमला द्रुतगती मार्गाने थेट जाणाऱ्या गाड्या लायडनला थांबत नाहीत आणि त्यांना जादा आकारही पडतो. म्हणून फलकावर 'लायडन सेंट्राल' हे नाव पाहूनच चढावे. प्रवास जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा आहे. डुलकी लागली तर हेग गाठाल.

तिकिटासाठी २०२३ पासून देशभर बँकेचे कार्डच चालते. फलाटावर जाण्यापूर्वी यंत्रावर कार्ड टेकवावे, उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवावे. दुसऱ्यांदा टेकवायचे राहिले तर २० युरोंपर्यंत रक्कम कापली जाते. पती-पत्नी बरोबर असतील तर एका कार्डावर दोघांचा प्रवास होत नाही. दोघांची दोन कार्डे हवीत.

लायडन सेंट्राल स्थानकाला दोन अंगे आहेत आणि नवखा माणूस येथेच फसतो. एका अंगाला विद्यापीठाचे रुग्णालय, जैवविज्ञान संकुल आणि 'नॅचरालिस' हे निसर्गसंग्रहालय. दुसऱ्या अंगाला जुने गाव, कालवे, विद्यापीठाची मुख्य इमारत आणि ग्रंथालय. परिषद वैद्यकशाखेची असेल तर बहुधा पहिले अंग, भाषा-इतिहासाची असेल तर दुसरे. पत्ता आधी पाहून मगच बाहेर पडावे. गावात बरेचसे पायीच फिरता येते. तांबड्या रंगाचा रस्ता सायकलींचा असतो. आपल्या सवयीने त्यावर उभे राहून गप्पा मारू नयेत. सायकलस्वार घंटी वाजवतात, थांबतातच असे नाही.

वेळेचा हिशेब असा : उन्हाळ्यात आपले घड्याळ साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा बदल होतो. जेवणाची चिंता वाटणाऱ्यांनी हेगला एक फेरी करावी. १८७३ पासून सुरीनामला गिरमिटावर नेलेल्या भारतीयांचे वंशज तेथे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांच्या खाणावळींत रोटी, बटाट्याची व शेंगांची भाजी मिळते.

याच मंडळींकडून, किंवा परिषदेत भेटलेल्या कोणाकडून, 'जरा नाडी पाहता का?' अशी विनंती येणारच. परिषदेसाठी मिळालेल्या व्हिसावर रुग्ण तपासून मोबदला घेता येत नाही. फुकट दिलेल्या सल्ल्यातूनही औषध बंद करण्यासारखा अनर्थ घडला तर निस्तरण्यास आपण तेथे नसतो. नम्रपणे नकार द्यावा. व्याख्यानाचा प्रस्ताव मात्र जरूर स्वीकारावा, अर्थात संयोजकांना कळवून.

एक दुपार रापेनबुर्ख कालव्याकाठच्या 'हॉर्टस बोटॅनिकस' या वनस्पतिउद्यानासाठी राखून ठेवावी. स्थानकापासून ते चालत वीस मिनिटांवर आहे. १५९० साली स्थापन झालेल्या या उद्यानाची पहिली आखणी क्लुसियसने केली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या भारतीय औषधींवरील ग्रंथाचा संक्षिप्त लॅटिन अवतार १५६७ साली युरोपापुढे आणणारा हाच क्लुसियस. पुढे मलबारच्या डच अधिकारी व्हान रेडेने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडावर टिपा लिहिणारा आर्नोल्ड सायेन हा लायडनच्या याच उद्यानाचा प्रमुख होता. ग्रंथासाठी माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि कोचीनला स्थायिक झालेल्या तीन कोकणी ब्राह्मणांनी : रंगभट, विनायक पंडित व आपूभट. या तिघांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. वनस्पतींच्या चित्रांवरही नागरीतील नावे आहेत. जुन्या प्रती पाहायच्या असतील तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला निघण्यापूर्वीच पत्र लिहून विचारावे. दुर्मीळ ग्रंथ आयत्या वेळी मागून मिळतील असे धरून चालू नये.

परत येताना शिफोलवर ट्यूलिपचे कंद सुंदर पिशव्यांत विकायला असतात. आपल्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशान्वये परदेशातून कंद, रोपे व बियाणे आणण्यास आयात-परवाना आणि तिकडचे प्रमाणपत्र लागते. घरच्यांसाठी काही न्यायचेच असेल तर चीज किंवा चॉकलेट पाहावे.