टर्बोचा उशीर कुठे दडतो?

टर्बो पेट्रोल गाडी नव्याने घेतलेल्यांचा एक प्रश्न हमखास असतो: ओव्हरटेकसाठी रेस दिली की गाडी आधी थबकते आणि मग एकदम झेपावते, हा गाडीतला दोष आहे का? दोष नाही. याला टर्बो लॅग म्हणतात. मात्र त्याचं सगळं खापर टर्बोवर फोडलं जातं, ते मला पटत नाही. टर्बो इंजिनाच्या कुठल्या बाजूला बसवला आहे, यावर बरंच काही ठरतं.

टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. एकाला एक्झॉस्ट फिरवतो, दुसरं सिलिंडरकडे हवा दाबतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की एक्झॉस्ट आटतो आणि चाकं मंदावतात. पुन्हा पाय दाबल्यावर त्यांना मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांपर्यंत चढायचं असतं. शिवाय टर्बोपासून दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमार्गे सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमध्येही दाब भरावा लागतो. विहिरीवरची मोटर चालू केली तरी लांब दारं धरून उभ्या असलेल्या माणसाला पाणी लगेच दिसत नाही, आधी पाइप भरतो, तसंच हे.

या उशिराशी सर्वात उघडपणे झुंजली ती रेनॉ. फॉर्म्युला वनच्या नियमांत साध्या इंजिनाला 3 लिटर आणि टर्बोला दीड लिटर अशी मुभा होती, पण 1977पर्यंत टर्बोच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला रेनॉची पिवळी गाडी उतरली आणि धूर ओकत बंद पडली. इंग्रजांनी तिचं नाव ‘पिवळी किटली’ ठेवलं. इंजिन व्ही-6, म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा, आणि दोन्ही रांगांचा एक्झॉस्ट एकाच मोठ्या टर्बोवर. 1979 साली रेनॉचे अभियंते बर्नार द्यूदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक रांगेला स्वतंत्र, लहान टर्बो दिला.

यामागचं गणित मला फार आवडतं. चाकाचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा त्याचा विरोध, व्यासाच्या पाचव्या घातानुसार बदलतं. एका मोठ्या चाकाऐवजी तेवढंच एकूण क्षेत्रफळ असलेली दोन चाकं घेतली, तर प्रत्येकाचा व्यास 0.7 पट होतो आणि दोघांचं मिळून जडत्व आघूर्ण जेमतेम 35 टक्के उरतं. पण इथेच हुरळून जायचं नाही. लहान चाकाला तेवढाच दाब देण्यासाठी 1.4 पट जोरात फिरावं लागतं. त्यामुळे चाकांत भरावी लागणारी ऊर्जा 71 टक्क्यांवरच थांबते. शर्यतीत तेवढंही पुष्कळ झालं. 1 जुलै 1979 रोजी डिजोनला रेनॉचे चालक जाँ-पिएर जाबुई जिंकले. फॉर्म्युला वनमधला टर्बोचा हा पहिला विजय. दुर्दैवाने त्या दिवसाची आठवण निघते ती दुसऱ्या क्रमांकासाठी व्हिलनव आणि आर्नू या चालकांमध्ये झालेल्या झुंजीची. पहिला आलेला माणूस आणि त्याचं इंजिन मागेच पडले.

रस्त्यावरच्या गाड्यांत मांडणीचे डाव वेगळे. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या जुन्या आडव्या इंजिनात एक्झॉस्ट खालून निघे आणि टर्बो वर असे. तिथवरची नळी लांब. इंटरकूलर मात्र इंजिनाच्या डोक्यावरच, त्यामुळे पुढचा हवेचा मार्ग आखूड. 2008 साली बीएमडब्ल्यूने व्ही-8 इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोबणीतच टर्बो बसवले. एक्झॉस्टची वाट एकदम जवळ आली, पण आग ओकणाऱ्या त्या खोबणीला थंड ठेवणं अवघड होऊन बसलं.

आपल्याकडच्या तीन सिलिंडरच्या इंजिनांना लोक नाकं मुरडतात. टर्बोच्या दृष्टीने ती सोयीची आहेत. चार सिलिंडरमध्ये दर 180 अंशांना एक्झॉस्टचा झोत सुटतो आणि आधीच्या झोताच्या पायात पाय घालतो. तीन सिलिंडरमध्ये हे अंतर 240 अंशांचं असतं, त्यामुळे प्रत्येक झोत जवळपास अखंड टर्बोवर आदळतो. चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुनमधल्या एक लिटर टीएसआय इंजिनात तर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्ये सामावला आहे. नळ्यांची लांबी इतकी छाटल्याचं श्रेय या इंजिनाला द्यायलाच हवं.

तरीही लॅग शून्यावर येत नाही, कारण चाकाला ऊर्जा एक्झॉस्टकडूनच मिळते आणि एक्झॉस्ट वाढायला आधी हवा जास्त मिळावी लागते. माहितीपत्रकात याच इंजिनासमोर 1750 आरपीएमला 178 न्यूटन मीटर टॉर्क लिहिलेला असतो. आकडा खरा आहे, पण तो दाब पूर्ण भरल्यानंतरचा. तो भरायला किती वेळ लागतो, याचा रकानाच माहितीपत्रकात नसतो. म्हणून टेस्ट ड्राइव्हला गेलात तर मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमपर्यंत उतरू द्या, मग पाय पूर्ण दाबा आणि गाडी खेचायला किती वेळ घेते ते स्वतः पाहा.