दुपट्याची शिवण : यंत्र आणि हात यांचा मेळ

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी महाराष्ट्रात परिचित आहे. या परिसरात जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ घरोघरी शिवली जात आली. तान्ह्या बाळासाठी शिवलेली तिची लहान आवृत्ती म्हणजे दुपटे. घरच्या वापरापुरते असलेले हे काम विक्रीस योग्य व्हावयाचे, तर शिवणीची अखेरची अवस्था निर्दोष असणे अगत्याचे ठरते. अन्यथा पहिल्याच धुण्यात थर सरकतात आणि केलेले श्रम वाया जातात.

प्रथम टाचण

कापड आधी धुऊन, त्याचा रंग जात नाही याची खात्री करून घ्यावी. सपाट जमिनीवर अस्तर, मधले मऊ थर व वरचे कापड क्रमाने पसरावे. मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात व लांब कच्चे टाके घालावेत.

यंत्राचे काम

शिवणयंत्राचे दाते खालचा थर पुढे ओढतात. वरचा थर मात्र दाबणाऱ्या पायाखाली मागे रेंगाळतो. चुण्या पडतात त्या यामुळेच. म्हणून दाब कमी करावा, टाका लांब ठेवावा आणि पहिली शिवण मध्यावर घालून पुढील शिवणी एकेका वितीच्या अंतराने कडांकडे न्याव्यात. एवढ्याने थर जागी बसतात. यंत्राची शिवण फार दाट झाल्यास दुपटे ताठर होते व त्याची ऊब कमी होते.

हाताचा धावदोरा

यंत्राच्या दोन शिवणींमधील जागा हाताच्या धावदोऱ्याने भरावी. दोरा सुती असावा, फार ओढू नये आणि गाठ थरांच्या आत दडवावी. कडेला गोट यंत्राने जोडून, तो उलट्या बाजूस दुमडून हाताने टिपावा. शेवटी कच्चे टाके उसवावेत. कामास घेतलेल्या सुया व टाचण्या मोजून परत ठेवाव्यात. बाळाच्या अंथरुणात एकही राहता कामा नये. मणी, टिकल्या लावू नयेत. दुपटे बाळाखाली अंथरावे. झोपेत चेहऱ्यावर येईल असे पांघरू नये.

श्रमांचे मोल

हाताच्या कामाचे तास किमतीत धरले जात नाहीत, ही या व्यवसायातील खरी उणीव आहे. जुने कापड घरचे असले तरी श्रम फुकटचे नव्हेत. प्रत्येक दुपट्यास लागलेला वेळ वहीत नोंदविल्यास योग्य किंमत ठरविता येते. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ व २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान यांनी बचत गटांच्या संघटनेस चालना दिली आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते. पात्र भगिनींचे अर्ज तेथे वेळेवर मार्गी लागले, तर माजघरातील हे कौशल्य घराच्या मिळकतीत भर घालू शकेल.