बॉन्डेड बर्बन: शिक्क्यामागची हमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कच्च्या स्पिरिटमध्ये रंग आणि तंबाखूचा अर्क मिसळून ते व्हिस्की म्हणून सर्रास खपवले जाई. त्याला आळा घालण्यासाठी केंटकीच्या कर्नल एडमंड टेलर यांनी पाठपुरावा केला आणि 1897 मध्ये ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ कायदा झाला. एकच डिस्टिलरी, एकच सहामाही हंगाम, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान 4 वर्षे मुरवण आणि नेमके 50 टक्के अल्कोहोल, या त्याच्या अटी. अशा व्हिस्कीला बर्बन म्हणवायचे तर धान्यात निदान 51 टक्के मका आणि आतून जाळलेले ओकचे कोरे पिंपही हवे.

‘ओल्ड ग्रँड-डॅड बॉन्डेड’ हा यातला अस्सल नमुना. तोंडाशी निमुळत्या ग्लासात थोडीशी व्हिस्की ओतून ती पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी. वास घेताना ओठ किंचित उघडे असावेत, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. आधी कॅरॅमल, व्हॅनिला येतात. मागून राय या धान्याचा मिरीसारखा तिखटपणा, दालचिनी, भाजका शेंगदाणा. पहिला घोट जिभेवर घोळवावा, मग पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा चाखावे. दडलेला गोडवा तेव्हा उमलतो. बर्फाने मात्र सुगंध दबतो, म्हणून चाखताना तो टाळलेलाच बरा.