कमाटीबागेतली ममी आणि आफ्रिकेचा नाईल

निजामपुऱ्यातून फतेगंजमार्गे शहराकडे निघाले की वाटेत कमाटीबाग लागते. सरकारी नाव सयाजीबाग, पण वडोदऱ्याच्या जुन्या मराठी घरांत अजून कमाटीबागच. तिथले संग्रहालय १८९४चे. आमच्या भागातल्या मुलांना तिथे दोन गोष्टी हमखास दाखवल्या जातात: देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी.

ममी किती जुनी, आत खरेच माणूस आहे का, असे मुले विचारतात. हे प्राचीन इजिप्तचे लोक मुळात कोण, या प्रश्नावर मात्र विद्वान दोनशे वर्षे भांडत आले आहेत. पिरॅमिड उभारणारी संस्कृती आफ्रिकेची, की आफ्रिकेत बाहेरून आलेली? नकाशा समोर असताना हा प्रश्नच पडायला नको होता. तो का पडला, हे समजून घेणे मला उत्तराइतकेच महत्त्वाचे वाटते.

१८४४ साली फिलाडेल्फियात सॅम्युएल मॉर्टन या डॉक्टरने इजिप्तच्या कवट्यांवर एक ग्रंथ छापला. कवट्या त्याला पुरवल्या होत्या जॉर्ज ग्लिडन या कैरोतल्या अमेरिकी अधिकाऱ्याने. मापे घेऊन मॉर्टनने निकाल दिला की इजिप्तचे राज्यकर्ते गोऱ्यांच्या कुळातले, काळे लोक तिथेही चाकर आणि गुलामच. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायद्याने चालू होती. आफ्रिकेच्या माणसाने गिझाचे पिरॅमिड बांधले असे मान्य केले असते, तर तो जन्मतःच गुलामीच्या लायकीचा आहे हे कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हणून इजिप्त आफ्रिकेतून उचलून वेगळा ठेवला गेला. पुढे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने नाईलकाठी बाहेरून चाल करून आलेल्या एका ‘राजवंशी’ लोकसमूहाची कल्पना मांडली. १९३०मध्ये मानववंशशास्त्रज्ञ सेलिगमनने तर आफ्रिकेतले जे जे उन्नत ते ‘हॅमिटिक’, म्हणजे गोऱ्यांच्या कुळातल्या मानलेल्या पशुपालकांनी आणले, असे सरसकट सांगून टाकले.

माणसे मापून वंश ठरवणारी ही मोजपट्टी आपल्याकडेही आली होती. हर्बर्ट रिस्ले हा १९०१च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरते, असे त्याचे म्हणणे. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या ग्रंथात ती मापे प्रांताप्रांताने तपासली आणि रिस्लेचा सिद्धांत देशभर लागू पडत नसल्याचे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८मध्ये हाच नाकांचा हिशेब हाती घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, असा युक्तिवाद केला. जे हत्यार माणसांना वेगळे पाडायला घडवले गेले, त्यानेच त्यांनी भिंत पाडली.

आणि हे बाबासाहेब कमाटीबागेला परके नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर शिकून १९१७मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पारशी वसतिगृहातून लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, शहरात कोणी थारा दिला नाही, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी याच बागेत काढले. त्याआधी तीन वर्षे ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. तिथेच मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजून दाखवले होते की कवटीचा आकार एका पिढीतही बदलतो. त्यामुळे मॉर्टनच्या शास्त्राचा पायाच खचला. बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात १९१६च्या मे महिन्यात आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे ‘द निग्रो’ प्रसिद्ध झाले होते. त्यात इजिप्तचा विचार इथिओपियासोबत, आफ्रिकेच्या इतिहासाचा भाग म्हणून केला आहे. १९४६मध्ये आंबेडकरांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, अशा दोन समाजांतली ही देवाणघेवाण होती.

वादाला धार आली ती सेनेगलच्या शेख अंता दिओप यांच्यामुळे. १९५४च्या त्यांच्या फ्रेंच ग्रंथाने प्राचीन इजिप्त ही काळ्या माणसांची संस्कृती असल्याचा दावा केला. दिओप भाषा जाणणारे होते, तसेच प्रयोगशाळेतलेही. डाकारला त्यांनी कार्बन कालमापनाची प्रयोगशाळा उभारली आणि ममींच्या त्वचेतले मेलॅनिन तपासण्याचा आग्रह धरला. १९७४मध्ये युनेस्कोने याच प्रश्नावर कैरोत परिषद भरवली. दिओप आणि त्यांचे काँगोचे सहकारी तेओफिल ओबेंगा पुऱ्या तयारीने आले होते. समोरच्या अनेकांची तेवढी तयारी नव्हती, याची नोंद परिषदेच्या अहवालातच आहे. एकमत झाले नाही. पण इजिप्तला आफ्रिकेपासून तोडून पाहण्याची सवय तिथून सुटू लागली.

माझे मत स्पष्टच सांगतो. इजिप्त आफ्रिकेत मुळावलेला आहे, हा दिओप यांचा गाभा खरा होता. मात्र ‘काळा वंश’ हा साचा त्यांनी ज्यांच्याशी भांडण मांडले त्यांच्याकडूनच उचलला होता. ग्रीकांनी आपले सारे तत्त्वज्ञान इजिप्तमधून चोरले, असे सांगणाऱ्या पुढच्या काहींच्या दाव्यांना तर आधारच नाही. हिरावलेला वारसा परत मागताना दुसऱ्याचा वारसा उचलण्याची गरज नसते.

आधार जमिनीत आहेत, आणि ते भक्कम आहेत. सहारा एकेकाळी हिरवा होता. तळी होती, गुरे चरत होती. दक्षिण इजिप्तच्या वाळवंटात नाब्ता प्लाया इथे गाईंची विधिपूर्वक केलेली दफने आणि उभे दगड सापडले आहेत. पाऊस हटत गेला तशी माणसे नाईलकडे सरकली. इसवी सनापूर्वी साडेचार हजारच्या सुमारास बदारी संस्कृती, मग नकादा, मग एकछत्री राज्य. ही वाढ दक्षिणेकडून उत्तरेकडे होत गेली, बाहेरून आलेल्या स्वारीसारखी नव्हे. इजिप्शियन भाषा ज्या आफ्रो-आशियाई कुळातली, त्याच्या बर्बर, कुशिटिक, चाडिक, ओमोटिक या शाखा आफ्रिकेतच नांदतात. सेमिटिक तेवढी आशियात पसरली. गहू, बार्ली, मेंढ्या-शेळ्या मात्र पश्चिम आशियातून आल्या, हेही तितकेच खरे.

अस्वानच्या धरणात नुबिया, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानचा नाईलकाठ, बुडणार म्हणून १९६०च्या दशकात देशोदेशींची उत्खनन पथके धावली. त्यांत आपलेही होते: ब. बा. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व विभागाने अफयेह इथे जुनी नुबियन वस्ती खणली. त्याच मोहिमेत शिकागोच्या पथकाला कुस्तुल इथे राजचिन्हे कोरलेले धूपपात्र मिळाले. राजपदाची सुरुवात नुबियातच झाली, असे त्यावरून म्हणणे फार होईल. पण वरच्या आणि खालच्या नाईलच्या राजसत्ता एकमेकींना ओळखून वाढल्या, एवढे त्यातून दिसते. सुदानमधल्या केर्माच्या भव्य समाध्या अमेरिकी पुरातत्त्वज्ञ रीस्नरने इजिप्शियन सुभेदारांच्या ठरवल्या होत्या. त्या कुश या नुबियन राज्याच्या राजांच्या निघाल्या. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकांत याच कुशच्या पियेने आणि तहारकाने इजिप्तवर राज्य केले. सुदानात मेरोए आणि इतर ठिकाणी आज दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत एकाचेही चित्र मी पाहिलेले नाही.

आता लोक डीएनएकडे डोळे लावून बसतात. २०१७मध्ये अबुसिर एल-मेलेक इथल्या ममींचा अभ्यास आला. नाते पश्चिम आशियाशी जास्त दिसले. लगेच मथळे झळकले. पण ते ठिकाण उत्तरेकडचे, परदेशी लोकांची ये-जा असलेले, आणि ममी बहुतेक उत्तरकालीन. २०२५मध्ये नुवेरातच्या एका पुरुषाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो पिरॅमिडांच्या आरंभकाळाजवळचा, मातीच्या मोठ्या भांड्यात पुरलेला. सुमारे ऐंशी टक्के वारसा उत्तर आफ्रिकेतला, वीस टक्के मेसोपोटेमियाकडचा. एकाच माणसावरून देशाचा निकाल लावू नये. २०१९मध्ये हडप्पा संस्कृतीतल्या राखीगढीच्या एका स्त्रीच्या डीएनएवरून आपल्याकडे आर्य कुठले या वादाच्या दोन्ही बाजूंनी जयजयकार झाला, तेव्हाही हेच सांगायला हवे होते.

दक्षिण इजिप्त आणि सुदानमधले जुने नमुने अजून फार थोडे आहेत; उष्णतेत डीएनए सहसा टिकत नाही. त्यात एप्रिल २०२३पासून सुदान युद्धात होरपळतो आहे. खार्टूमच्या राष्ट्रीय संग्रहालयाची लूट झाली, केर्मापासून मेरोएपर्यंतच्या वस्तू गायब झाल्या. ज्या वादाचा निवाडा करण्यासाठी जगाला सुदानची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचाच पुरावा आज बाजारात विकला जातो आहे. चोरीच्या त्या वस्तू लिलावात आल्या तर त्या घेणाऱ्यांत आपल्या देशातला एकही संग्राहक नसावा, आणि शाळेच्या पुस्तकात पुढच्या वेळी गिझाशेजारी मेरोएही छापला जावा, एवढे तरी आपण मागू शकतो.